कारखाना शिकतो तेव्हा



या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या खिशात किंवा पर्समध्ये असलेला फोन भारतात तयार झालेला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी असे म्हणता आले नसते. २०१४-१५ मध्ये देशात तयार झालेल्या मोबाइल फोनची किंमत सुमारे १९ हजार कोटी रुपये होती. २०२३-२४ मध्ये ती चार लाख कोटींच्या पुढे गेली. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला, कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरला जे आयफोन तयार होतात ते अमेरिकेत जातात. एके काळी फोनचा जवळजवळ निव्वळ आयातदार असलेला हा देश आज फोनचा मोठा निर्यातदार आहे. ही कामगिरी खरी आहे. तिच्याकडे पाहून नाक मुरडण्याचे काहीही कारण नाही.

पण त्याच फोनकडे पाहून आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. आतला डिस्प्ले कुठला? कॅमेऱ्याचे भिंग कुठले? चिप कुठली? आणि हे सगळे भाग ज्या यंत्रांवर जोडले जातात, ती यंत्रे कुठली? या प्रश्नांची उत्तरे चीन, कोरिया, तैवान, जपान अशी येत जातात. फोनच्या किमतीपैकी आपल्या देशात पडणारी भर साधारण एक पंचमांश आहे. उरलेले चार हिस्से बाहेरचे.

आजचे व्याख्यान या चार हिश्श्यांविषयी आहे.

आधी परिस्थिती नीट पाहून घेऊ. २०११ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय उत्पादन धोरण जाहीर केले. २०२२ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचा आणि दहा कोटी नवे रोजगार उभे करायचे, असे त्यात ठरले. सरकार बदलले. सप्टेंबर २०१४ मध्ये 'मेक इन इंडिया' आले, आणि लक्ष्य तेच राहिले. आज हा वाटा, कोणत्या पद्धतीने मोजता त्यानुसार, १४ ते १७ टक्क्यांच्या दरम्यान आहे. तीस वर्षांपूर्वीही तो याच्याच आसपास होता. जगात जेवढा माल कारखान्यांत तयार होतो, त्यातला ३० टक्क्यांच्या जवळपास एकटा चीन करतो. आपण तीन टक्क्यांच्या घरात आहोत. आणि या सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारा आकडा असा, की देशातल्या दर शंभर काम करणाऱ्यांपैकी ४६ जण अजून शेतीवर आहेत आणि कारखानदारीत जेमतेम ११-१२. खेड्यातून बाहेर पडलेला तरुण कारखान्यात पोहोचत नाही. तो बांधकामावर जातो, रिक्षा चालवतो, पार्सल पोहोचवतो, आणि मंदी आली की पुन्हा बापाच्या दोन एकरांवर येऊन बसतो.

असे का झाले? नेहमीची उत्तरे आपल्याला पाठ आहेत. जमीन महाग, वीज महाग, बंदरे संथ, कायदे किचकट, कर्ज अवघड. यातले एकही उत्तर खोटे नाही. शेतीला स्वस्त वीज द्यायची म्हणून कारखान्याकडून जास्त दर घ्यायचा, हे आपण वर्षानुवर्षे केले आहे आणि त्याची किंमत मोजली आहे. पण ही उत्तरे पुरत नाहीत. रस्ते सुधारले, बंदरे सुधारली, जीएसटी आला, तरी तो वाटा जागचा हलला नाही. तेव्हा आणखी खोल पाहावे लागते.

कारखान्यातून माल बाहेर पडतो हे सगळ्यांना दिसते. त्या मालाबरोबर कारखान्यात आणखी एक गोष्ट तयार होत असते, ती म्हणजे जाणकार माणसे. धातू कसा वागतो, साचा कुठे फसतो, कोणते यंत्र किती तास चालले की भरकटते, हे ज्यांना कळते अशी माणसे. ही जाण एका पिढीकडून दुसरीकडे, एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली, तर देशाची कारखानदारी वाढते. आपल्याकडे ही साखळी पुन्हा पुन्हा जुळली आणि पुन्हा पुन्हा तुटली. भारतीय कारखानदारीचे मुख्य दुखणे हेच आहे.

जुळली कशी, ते आधी पाहू. ही कथा महाराष्ट्रातली आहे आणि आपल्या परिचयाची आहे, तरी तिच्यातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवत होते. बेळगावला सायकलींचे दुकान काढून त्यांनी व्यवसायाला सुरुवात केली. मग कडबा कापायचे यंत्र आले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. शेतकरी नांगराला हात लावेनात; लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी समजूत होती. १९१० साली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड, निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पण त्या माळावर कामाला आलेली माणसे कोण होती? आसपासच्या गावांतली, ज्यांनी आधी कारखाना पाहिलाही नव्हता अशी. त्यांना ओतकाम, सुतारकाम, लेथवरचे काम तिथेच शिकवावे लागले. नांगरामागून पंप आले. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला किर्लोस्करांनी लेथ बनवायचा कारखाना काढला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला डिझेल इंजिनांचा. नांगरापासून इंजिनापर्यंत येताना प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्यातली माणसे आणि त्यांचे ज्ञान वापरात आले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी नीळकंठराव कल्याणींना फोर्जिंगच्या धंद्यात पडायला उत्तेजन दिले, त्यातून १९६१ मध्ये भारत फोर्ज आली. आज तिचे क्रँकशाफ्ट आणि अ‍ॅक्सल जगभरच्या ट्रकांत असतात.

दुसरे उदाहरण पिंपरीचे. टाटांच्या टेल्को या ट्रक कंपनीने पुण्याला कारखाना काढायचे ठरवले तेव्हा तिचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी काय केले? ट्रक बनवायच्या आधी यंत्रे, साचे आणि प्रेस टूल बनवणारा विभाग उभा केला, आणि शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण केंद्र उभे केले. हे १९६६ च्या सुमाराचे. पुण्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागायला सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. इतकी वर्षे माल नाही, फक्त शिकणे! आजच्या तिमाही निकालांच्या जगात असा निर्णय संचालक मंडळात टिकेल का? पण त्याचे फळ पाहा. १९८० च्या दशकात सरकारने हलक्या व्यापारी वाहनांसाठी जपानी कंपन्यांबरोबर भागीदारीला परवानगी दिली. टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी, चौघेही आले. टेल्को आता संपली असे पुष्कळांना वाटले. टेल्कोने १९८६ मध्ये स्वतः आरेखित केलेली ४०७ बाजारात आणली आणि त्या बाजारात पाय रोवले. आजही आपल्याकडे गावोगावच्या बाजारात भाजी, सिमेंट, लग्नाचे वऱ्हाड वाहणारी ४०७ दिसते. जपान्यांसमोर ती टिकली, कारण वीस वर्षे टूलरूममध्ये शिकलेली माणसे तिच्यामागे होती.

आता साखळी तुटली कुठे, ते पाहू.

पिंपरीतच आणखी एक कारखाना होता. १९५४ साली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. देशातला पेनिसिलीनचा हा पहिला मोठा कारखाना. पिंपरीच्या प्रयोगशाळेत संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषधही शोधून काढले. भारतात, सरकारी कारखान्यात, नवे प्रतिजैविक! पेनिसिलीन बनवणे म्हणजे बुरशी वाढवणे. प्रचंड टाक्यांमध्ये साखरेवर ती पोसायची, हवा निर्जंतुक ठेवायची, तापमान अंशभरही ढळू द्यायचे नाही. एका टाकीत परका जंतू शिरला की सगळी टाकी गेली. हे काम वर्षानुवर्षे केल्याशिवाय येत नाही. खासगी कंपन्यांनीही ते शिकून घेतले. मग नव्वदच्या दशकापासून चीनमधून स्वस्त पेनिसिलीन-जी यायला लागले. त्यांच्या टाक्या आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या, वीज स्वस्त, मक्यापासूनचे ग्लुकोज स्वस्त, आणि सरकार पाठीशी. आपल्या औषध कंपन्यांनी हिशेब केला आणि विकत घ्यायचे ठरवले. प्रत्येक कंपनीचा हिशेब तिच्यापुरता बरोबर होता. सगळ्यांच्या हिशेबांची बेरीज अशी झाली, की ज्या देशाला जगाचे औषधालय म्हणतात त्या देशात पेनिसिलीन-जीचे उत्पादन जवळपास बंद पडले.

२०२० मध्ये साथ आली आणि सीमा बंद झाल्या, तेव्हा या परावलंबनाचा धोका सगळ्यांच्या लक्षात आला. औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाडाजवळ पेनिसिलीन-जीचा नवा कारखाना सुरू झाला. सुमारे तीन दशकांनी आपण पुन्हा पहिल्या पायरीवर आलो आहोत, आणि आता तीच विद्या नव्याने पैसे मोजून शिकतो आहोत. जी माणसे ती जाणत होती, ती केव्हाच निवृत्त झाली.

यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांची कथा याहून मोठी आहे. स्विस ओर्लिकॉन कंपनीच्या साह्याने १९५३ साली बंगळुरूला एचएमटी आली. आपल्याला एचएमटी आठवते ती मनगटी घड्याळामुळे. पण तिचे मूळ काम लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगची यंत्रे बनवण्याचे. देशातल्या आयटीआयमध्ये आणि वर्कशॉपांमध्ये एचएमटी आणि हरिहरच्या किर्लोस्करांच्या लेथवर हजारो टर्नर घडले. संगणकावर चालणारी यंत्रे आली, आयातीची दारे उघडली, आणि बदलत्या काळाबरोबर स्वतःला बदलण्याइतका वेळ, पैसा आणि चिकाटी या कारखान्यांना मिळाली नाही. हरिहरचा कारखाना बंद पडला. एचएमटी आकसत गेली.

आज बंगळुरू, राजकोट, कोइमतूर इथे चांगल्या सीएनसी मशीन बनतात. ही सुदैवाची गोष्ट. तरीही देशाला लागणाऱ्या मशीन टूलपैकी जवळजवळ निम्मी बाहेरून येतात. इथे बनलेल्या मशीनवरही नियंत्रण करणारा कंट्रोलर बहुधा जपानी किंवा जर्मन असतो. म्हणजे आपल्या भोसरीतल्या, साताऱ्यातल्या, नाशिकच्या अंबडमधल्या वर्कशॉपमध्ये जे मशीन फिरते त्याचे डोके परदेशी. यंत्र बनवता आले नाही तर पुढे काय होते? दुसरा देश जे यंत्र विकेल त्यावर जे बनते तेच आपण बनवायचे, आणि त्याने ते आधीच बनवून झालेले असते.

आता मोठ्या नावांपासून जरा दूर जाऊ.

कोल्हापूरजवळ शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलला फाउंड्री आहेत. त्यांपैकी एखाद्या मध्यम आकाराच्या फाउंड्रीत रात्रपाळीला काय चालते ते पाहण्यासारखे असते. वाळूत पॅटर्न दाबून मोल्ड तयार झालेला असतो. आतली पोकळी राहावी म्हणून कोअर बसवलेला असतो. इंडक्शन भट्टीत भंगार आणि पिग आयर्न वितळून लालबुंद रस झालेला असतो, चौदाशे अंशांच्या वर. वर तरंगणारा मळ काढतात, लॅडल भरतात, आणि ओतणारा माणूस रस एका लयीत मोल्डमध्ये सोडतो. मध्येच थांबला तर थर पडतो. घाई केली तर वाळू उखडते. ओलावा जास्त असला तर आत वाफ कोंडून ब्लोहोल पडतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. ग्राहकाकडे मशीनिंग करताना दिसतो. मग अख्खा लॉट परत. ओतणाऱ्याला हे सगळे माहीत असते. त्याने ते आपल्या आधीच्या माणसाकडून उचललेले असते. या हातांवर देशाचे ट्रॅक्टर, पंप, ट्रक चालतात, आणि इथले कास्टिंग परदेशातही जाते.

अशी फाउंड्री मोठी का होत नाही?

एक कारण इतिहासातले आहे. १९६७ पासून आपण काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या. सुरुवातीला ४७ होत्या. वाढत वाढत यादी आठशेच्या पुढे गेली. हेतू चांगला होता. पण परिणाम? मोठा झालास तर हक्क गमावशील, असेच कायदा छोट्या उद्योजकाला सांगत होता. तयार कपडे २००१ च्या सुमारापर्यंत राखीव होते. चीनमध्ये एका छताखाली हजारो शिलाई यंत्रे चालू असताना आपला निर्यातदार दहा नावांनी दहा छोटी युनिटे चालवत होता. यादीतल्या शेवटच्या २० वस्तू २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. लोणची, पाव, मेणबत्त्या, आगकाड्या, काचेच्या बांगड्या त्यांत होत्या. पन्नास वर्षे लहान राहण्याची सवय लावली, ती एका अधिसूचनेने जात नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात, कंपनी किंवा कारखाना म्हणून कायद्याने नोंदलेले वगळून, सूक्ष्म, लघु आणि मध्यम मिळून सहा कोटी तेहतीस लाखांवर उद्योग निघाले. त्यात व्यापार आणि सेवाही आल्या. त्यांतले सहा कोटी तीस लाख सूक्ष्म. लघु सव्वातीन लाखांवर. आणि मध्यम किती? सुमारे पाच हजार.

श्रोतेहो, हा पाच हजारांचा आकडा लक्षात ठेवावा अशी विनंती आहे. जर्मनीची कारखानदारी ज्या मध्यम, एकाच वस्तूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या कारखान्यांवर उभी आहे, तो मधला मजला आपल्याकडे जवळजवळ नाही. खाली कोट्यवधी छोटी दुकाने आणि वर्कशॉप, वर काही शे प्रचंड कंपन्या. संशोधनासाठी प्रयोगशाळा परवडेल, पण मालक अजून शॉप-फ्लोअरवर उभा असेल, अशा मापाचा कारखाना विरळा. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांवर अडकला आहे, त्यामागचे एक कारण हेच.

दुसरे कारण आजचे आहे, आणि त्यावर थोडा वेळ थांबायला हवे. छोट्या पुरवठादाराला पैसे वेळेवर मिळत नाहीत. भोसरीतला एखादा व्हेंडर मोठ्या कंपनीला मशीन केलेले भाग देतो. स्टील तो रोखीने किंवा महिन्याच्या उधारीवर घेतो, पगार सात तारखेला, विजेचे बिल तारखेला, जीएसटी महिन्याच्या महिन्याला. आणि बिलाचे पैसे? नव्वद दिवस, एकशे वीस दिवस, कधी त्याहून जास्त. कायदा २००६ पासून सांगतो की ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्या. पण ज्याच्या ऑर्डरवर घर चालते त्याच्याकडे व्याज कोण मागणार? २०२४ पासून आयकराच्या नियमातही सुधारणा झाली: सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे देणे मुदतीत दिले नाही तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही. नियम चांगला आहे. पण काही खरेदीदारांनी त्यावर उपाय शोधला तो असा, की पुरवठादारालाच सांगायचे, तू नोंदणी रद्द कर! छोट्या कारखान्याचा जो पैसा नव्या मशीनमध्ये, मोजमापाच्या उपकरणात, एखाद्या हुशार डिप्लोमा झालेल्या मुलाच्या पगारात जायला हवा, तो मोठ्या कंपनीच्या खात्यात बिनव्याजी पडून राहतो. असा कारखाना वाढणार कसा? शिकणार कसा?

आणि कामगार? वार्षिक औद्योगिक पाहणीप्रमाणे नोंदलेल्या कारखान्यांतल्या दर पाच कामगारांपैकी दोन आज कंत्राटी आहेत. शतकाच्या सुरुवातीला पाचात एक असे प्रमाण होते. चाकणला, रांजणगावला, वाळूजला विचारा. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली मुले एका खोलीत कॉट बेसिसवर राहतात. एकाची पाळी सुटते, दुसऱ्याची सुरू होते, कॉट तीच. कायद्यात २४० दिवसांच्या सलग सेवेला अर्थ आहे, म्हणून त्याआधीच ब्रेक दिला जातो. सात महिन्यांत मुलगा वेल्डिंगचा कोन, टॉर्कचा अंदाज, मशीनचा आवाज ओळखायला लागलेला असतो, आणि त्याच वेळी त्याला निरोप मिळतो. दुसऱ्या कंपनीत तो पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करतो. मालकाला वाटते, स्वस्तात सुटलो. त्याच्या जागी आलेल्या नव्या मुलाच्या रिजेक्शनचा खर्च वेगळ्या रकान्यात पडतो, म्हणून दिसत नाही.

याला मालक एकटा जबाबदार आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. १९७६ च्या दुरुस्तीने तीनशे कामगारांवरच्या आणि पुढे शंभरांवरच्या कारखान्याला कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागू लागली. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कामावर गेलेच नाहीत. त्या दशकात मालक आणि कामगार यांच्यातला विश्वास जो गेला तो परत आलाच नाही. मालकांनी कायदा टाळण्याचा रस्ता म्हणून कंत्राट धरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या. परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशेवर गेली, आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. मालकाची अडचण कमी झाली आहे. आता कंत्राटाचे कारण काय उरले, हे मालकांना विचारण्याची वेळ आली आहे.

कामगाराच्या निवाऱ्याबाबत तमिळनाडूकडून शिकण्यासारखे आहे. श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगळ इथे राज्याच्या औद्योगिक महामंडळाने फोन कारखान्यातल्या अठरा हजारांहून अधिक महिला कामगारांसाठी निवासाची सोय केली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. मुली घरापासून दूर, सुरक्षित राहू शकतात, म्हणून त्या कामावर येतात आणि टिकतात. महाराष्ट्रात १९६२ पासून एमआयडीसी आहे. रस्ते, पाणी, भूखंड देण्यात तिचा हात धरणारे देशात थोडे. मग कामगार राहणार कुठे, हा प्रश्न आपण साठ वर्षे खोली भाड्याने देणाऱ्यांवर का सोडला?

पुढचा काळ कसा आहे? सोपा नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांत पुण्यातल्या ई-स्कूटरच्या उत्पादनाला कात्री लागली. मुठीत मावेल एवढे चुंबक, आणि त्यावाचून गाडी तयार होत नाही. सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा चुंबकांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले आणि तिरुपूरच्या कपड्यांपासून सुरतेच्या हिऱ्यांपर्यंत सगळ्यांना घाम फुटला. दुसरीकडे, मोठ्या कंपन्यांना चीनबाहेर दुसरे घर हवे आहे, आणि एवढे मनुष्यबळ, एवढी घरची बाजारपेठ असलेला देश दुसरा नाही. फोनच्या सुट्या भागांसाठीही २०२५ मध्ये सुमारे २३ हजार कोटींची योजना आली आहे. म्हणजे सुरुवातीला म्हटलेल्या त्या चार हिश्श्यांकडे सरकारचे लक्ष गेले आहे. ही आशा धरण्याजोगी गोष्ट आहे.

मात्र या योजनांचा हिशेब कशावर करायचा, हे आपण नागरिकांनी ठरवायला हवे. किती कोटींचे करार झाले, किती भूमिपूजने झाली, हे मोजणे बंद करावे. अनुदान संपल्यानंतर पाच वर्षांनी तो कारखाना चालू आहे का? त्याने आपले साचे स्वतः बनवायला सुरुवात केली का? त्याच्या आजूबाजूला किती पुरवठादार सूक्ष्मचे लघु आणि लघुचे मध्यम झाले? त्याच्यातून शिकून बाहेर पडलेल्या किती जणांनी स्वतःचे वर्कशॉप काढले? विधिमंडळात आणि संसदेत आपल्या प्रतिनिधींनी हे प्रश्न विचारावेत. आर्थिक पुरवण्यांनी हे आकडे छापावेत.

शेवटी दोन विनंत्या, आणि दोन्ही या सभागृहात बसलेल्यांनाच आहेत.

ज्यांच्या घरात आयटीआयला जाऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी त्यांना आनंदाने जाऊ द्यावे. फिटर, टर्नर, टूल अँड डाय मेकर हे कमीपणाचे काम नाही, आणि चांगला डाय मेकर आज पुण्यात शोधूनही सापडत नाही.

आणि इथे मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागातले, लेखा विभागातले अधिकारी निश्चित असतील. या शहरात ते प्रत्येक सभेला असतात. त्यांनी उद्या सकाळी कार्यालयात गेल्यावर लघुपुरवठादारांच्या थकलेल्या बिलांची यादी काढावी, आणि ज्यांना ४५ दिवस उलटून गेले आहेत त्यांचे पैसे याच आठवड्यात चुकते करावेत.